कढीपत्त्यावरचा पाहुणा

बिबट्या बघायला जंगलात जावं लागतं. आपल्या कात्रपमध्ये परसदारी, सोसायटीच्या कुंपणाशी, झालंच तर गॅलरीतल्या कुंडीतही एक सफारी सुरू असते. तिकीट नाही, जीप नाही. फोन आहे ना? बास!

फेब्रुवारी संपत आला की बदलापूरच्या हवेचं काही खरं नसतं. पहाटे स्वेटर आणि दुपारी फुल स्पीडवर पंखा. आपण वैतागतो, पण किड्यांचा हाच सीझन. आंब्याला मोहर असतो, शेवगा फुललेला असतो, कढीपत्त्याला कोवळी पालवी येते. खाणारे आले की त्यांना खाणारेही येतात. आपण फक्त थांबून बघायचं.

सुरुवात कढीपत्त्यापासून करा. पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली तर पुसू नका, आधी नीट बघा. ती हलली तर समजा, लाईम बटरफ्लायची अळी भेटली. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून लहानपणी ती असा घाण अवतार करते. मोठी झाली की हिरवीगार होते आणि पानात लपून जाते. हलकेच डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुभागलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा तिचा प्रवास साधारण महिनाभरात उरकतो. म्हणजे रोज एक फोटो काढलात तरी अख्खी स्टोरी तुमच्याकडे! महाराष्ट्राने २०१५मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं ब्लू मॉरमॉन याच घराण्यातलं. त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात.

आता मोकळ्या प्लॉटवरची रुई बघा. शेंड्याजवळ पिवळा मावा, माव्यावर ताव मारणारे ठिपकेवाले लेडीबर्ड, आणि माव्याच्या अंगातून येणाऱ्या गोड चिकट रसासाठी रांग लावलेल्या मुंग्या. मुंग्या त्या बदल्यात माव्याची राखण करतात. पानावर पट्टेरी अळी दिसली तर ती प्लेन टायगरची. रुईच्या चिकातलं विष ती अंगात साठवते, त्यामुळे पक्षी तिच्या वाट्याला जात नाहीत. गंमत म्हणजे डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. विष नाही, नुसती कॉपी. तरी पक्षी फसतात!

फोटो कसा काढायचा?

महागडा कॅमेरा लागत नाही. फोनला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स चालते, तीही नसेल तर थोडं लांबून काढून क्रॉप करा. सकाळी लवकर जा. किड्यांच्या अंगाची ऊब बाहेरच्या हवेवर ठरते, म्हणून गारव्यात ते सुस्त असतात. फोकस डोळ्यावर. वरून नको, त्याच्या उंचीला वाका. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. दहा-बारा फोटो काढले की एखादा शार्प येतो. आणि चांगल्या फोटोसाठी किड्याला फ्रिजमध्ये ठेवणं, चिमटीत धरणं, अळी झाडावरून काढणं, हे अजिबात नाही.

फोटो इन्स्टावर टाका, पण तिथेच थांबू नका. आयनॅचरलिस्ट हे फुकट ॲप आहे. फोटो, तारीख आणि ठिकाण टाकलं की जाणकार नाव सांगतात. ओळखीवर एकमत झालं की ती नोंद संशोधकांना वापरता येते. घराचा नेमका पत्ता दिसू नये असं वाटत असेल तर ठिकाण धूसर ठेवायची सोयही आहे.

‘साधं फुलपाखरू तर आहे, त्याची कसली नोंद?’ असं वाटेल. पण कात्रपमध्ये आज जिथे रुई आहे, तिथे उद्या पत्रे लागतात आणि परवा टॉवर उभा राहतो. तिथे आधी काय होतं, हे नोंद नसेल तर कुणालाच सांगता येणार नाही.

सोसायटीतही हेच. ‘किडे झालेत’ म्हणून कढीपत्त्यावर सरसकट फवारणी होते, मोहरावर औषध मारलं जातं. तुडतुड्यांसोबत त्यात माश्या आणि मधमाश्याही मरतात. मोहराचं परागीभवन करणारे हेच कीटक, आणि तेच गेले तर कैऱ्या धरणार कशा? डासांसाठी कुंडीखालच्या ताटलीतलं साचलेलं पाणी ओतून टाकणं जास्त कामाचं.

पुढच्या मीटिंगला आई-बाबांसोबत जा. महिनाभराचे फोटो काका-काकूंना दाखवा आणि दोनच गोष्टी मागा : मोहर असेपर्यंत फवारणी नको आणि कुंपणालगतचा एक कोपरा न छाटता ठेवायचा. फोटोतलं फुलपाखरू आपल्याच बिल्डिंगच्या कढीपत्त्यावर वाढलंय हे कळलं, की सेक्रेटरी काकाही दोन मिनिटं जास्त ऐकून घेतील.