बोट लागले हे फोनला कळते कसे?

सोनगीर म्हटले की तांब्या-पितळेची भांडी आठवतात. ठोक्यावर ठोका मारून तांबट भांडे घडवतो. त्याच्या हाताला घट्टे पडतात. विळा-खुरपे धरणाऱ्या हाताचेही तसेच. असे बोट फोनच्या काचेवर टेकवले आणि काहीच झाले नाही, की माणूस म्हणतो, "जाऊ द्या, हे शिकलेल्यांचं काम. आपल्याला जमायचं नाही."

मंडळी, ही समजूत खोटी आहे. काचेला अक्षर-ओळख कळत नाही. तिला कळते ती फक्त वीज. कशी, ते पाहू.

कपाशीची चौफुली

आपण कपाशी चौफुलीवर लावतो. उभ्या ओळी आणि आडव्या ओळी. "तिसऱ्या उभ्या ओळीत, पाचव्या आडव्या ओळीत कीड पडली," असे सांगितले की गडी नेमका त्या झाडापाशी जातो.

फोनच्या काचेखाली अशीच चौफुली असते. ती अतिशय बारीक तारांची. या तारांत अगदी थोडी वीज खेळवलेली असते. आपल्या अंगात खारट पाणी आहे, म्हणून अंगातून वीज वाहते. बोट जवळ आले की त्या फुलीवरची थोडी वीज बोटाकडे ओढली जाते. फोनमधली एक लहानशी चकती सेकंदाला अनेक वेळा सगळ्या फुल्या तपासते. जिथे वीज कमी भरली, तिथे बोट, हे ती ओळखते. झटका मात्र बसत नाही. वीज फारच थोडी असते.

ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडातील इ. ए. जॉन्सन यांनी ती 1965 साली लिहून प्रसिद्ध केली.

स्वतः उजळणारे ठिपके

आता पडद्याकडे वळू. जुन्या तऱ्हेच्या पडद्यात मागे दिवा असतो. नव्या तऱ्हेच्या पडद्याला ओएलईडी म्हणतात. त्यात मागे दिवा नाही. लाल, हिरवे आणि निळे असे लाखो ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. कार्बनयुक्त पदार्थांचे पातळ थर देऊन ते बनवतात. असा पातळ थरांचा, कमी विजेवर चालणारा दिवा चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी अमेरिकेतील कोडॅक कंपनीत तयार केला आणि 1987 साली त्याची माहिती प्रसिद्ध केली.

हे ठिपके नाजूक असतात. दमट हवा लागली की ते मरतात. लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो, तसे त्यांना वरून घट्ट बंद करावे लागते.

दोन्ही एकत्र का केले?

पूर्वी पडदा वेगळा आणि बोट ओळखणारी काच वेगळी असे. दोन्ही एकमेकांवर चिकटवीत. त्याने फोन जाड होई आणि उजेडही थोडा अडे. मग कारागिरांनी विचार केला की तारांची चौफुली पडद्याच्या झाकणावरच का उमटवू नये? सॅमसंग कंपनीने 2010 साली असे पडदे असलेले फोन बाजारात आणले.

काम सोपे नव्हते. पहिली अडचण आचेची. तारांसाठी जो पारदर्शक पदार्थ वापरीत, त्याचा चांगला थर बसायला मोठी आच लागते. तेवढ्या आचेने खालचे ठिपके करपतील. शिवाय तो पदार्थ ठिसूळ. वाकणाऱ्या पडद्यावर तो तडकतो. म्हणून तिथे ॲल्युमिनियमसारख्या धातूची, केसाहून कितीतरी बारीक जाळी मंद आचेवर उमटवू लागले. धातू वाकतो, तुटत नाही, हे तांबटाला सांगायला नको! जाळीची तार ठिपक्यांच्या मधल्या जागेतून नेतात, म्हणून उजेड अडत नाही.

दुसरी अडचण गलक्याची. ठिपक्यांवर धातूचा एक सलग पत्रा असतो. जाळी त्याच्या खाली घातली तर बोटाची खबर तिला लागणारच नाही. म्हणून ती वर ठेवावी लागते. पण वाकणाऱ्या पडद्यात दोघांमधले अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकेच. चित्र बदलताना खाली विजेची हालचाल होते आणि तिचा गलका जाळीला ऐकू येतो. भरल्या बाजारात हळू बोललेले ऐकावे तसे हे काम. म्हणून गलका कमी असेल तेवढ्या क्षणी चकती बोटाचा माग घेते.

आपल्या उपयोगाचे

घट्टे पडलेली कोरडी कातडी विजेला नीट वाट देत नाही. म्हणून बोट लागत नाही. दोष तुमचा नाही. जोर लावू नका. बोटाचे टोक न टेकवता पेराची मऊ बाजू टेकवा. हात फार कोरडा असेल तर किंचित ओलसर करा. पण काचेवर पाण्याचे थेंब नकोत. पाण्यातूनही वीज जाते, मग फोन गोंधळतो. काही फोनांत स्पर्श जास्त जाणवावा अशी सोयही असते. ती घरातल्या मुलाकडून चालू करून घ्या.

काच फुटली तर तसाच फोन वापरू नका. फटीतून ओल शिरली तर पडद्यावर काळे डाग पडतात.

आणि दुरुस्तीची गोष्ट. जाळी पडद्यातच असल्यामुळे चित्र स्वच्छ दिसत असूनही स्पर्श बंद पडला, तर बहुधा सगळा पडदाच बदलावा लागतो. खर्च मोठा येतो. तेव्हा आधी काच पुसा, वरची संरक्षक पट्टी काढून पाहा, फोन बंद करून पुन्हा चालू करा. तरी भागले नाही तर दुकानात जा. काम सुरू होण्याआधी किंमत विचारा, ती कागदावर लिहून घ्या आणि स्वतः वाचा. वाचता येऊ लागल्याचा हा रोकडा फायदा आहे.