जुने रशियन रुबल : दुर्मिळ कोणते आणि वाजवी भाव किती?

जुन्या नाण्यांच्या बाजारात दोन तऱ्हेचे लोक नुकसान सोसतात. एक, जो हाती आलेले नाणे मोडीच्या भावाने तोलतो आणि मुशीत टाकतो. दुसरा, जो "झारच्या काळातले आहे" एवढेच ऐकून दहापट पैसे मोजतो. दोघांचे दुखणे एकच, मालाची पारख नाही. कापडाच्या धंद्यात आपण पोत पाहतो, वजन पाहतो, काठ पाहतो आणि मगच थानाचा भाव बोलतो. चांदीच्या नाण्याचाही हिसाब असाच आहे. २०२५ साली चांदीचे भाव विक्रमी चढले. तेव्हापासून आटवणीचा मोहही वाढला आणि जुन्या नाण्यांच्या नावावर बनावट माल खपवण्याचा मोहही वाढला. म्हणून सराफ, कारागीर आणि हौशी संग्राहक या सर्वांनी हा विषय नीट समजून घेतलेला बरा.

आधी धातूचा हिसाब

पीटर झारने १७०४ पासून चांदीचा रुबल नियमित पाडायला सुरुवात केली. त्याचे वजन सुमारे २८ ग्रॅम होते आणि १०० कोपेकांचा एक रुबल धरला जाई. पुढे कॅथरिन राणीच्या काळात रुबल २४ ग्रॅमचा झाला, कस ७५० चा. म्हणजे शुद्ध चांदी १८ ग्रॅम. त्यानंतर वजन आणि कस बदलत गेले, परंतु पॉल झारच्या १७९७ च्या जड रुबलासारखे अपवाद सोडले, तर शुद्ध चांदीचा आकडा १८ ग्रॅमच राहिला. १८८६ पासून रुबल २० ग्रॅमचा, ९०० कसाचा झाला. क्रांतीनंतर सोव्हिएत सरकारने १९२४ चा रुबल पाडला, तोही याच मापाचा.

हे माप नाण्याच्या कडेवरच कोरलेले असते. निकोलस दुसरा याच्या रुबलाच्या कडेवर रशियन अक्षरांत "शुद्ध चांदी ४ झोलोत्निक २१ दोल्या" असा मजकूर आहे. एक झोलोत्निक म्हणजे ४.२६६ ग्रॅम आणि ९६ दोल्यांचा एक झोलोत्निक. हिसाब करून पाहा, १८ ग्रॅमच येतात.

अर्धा रुबल १० ग्रॅमचा आणि पाव रुबल ५ ग्रॅमचा, दोन्ही ९०० कसाचे. परंतु २०, १५, १० आणि ५ कोपेकांची चिल्लर १८६७ पासून फक्त ५०० कसाची आहे. २० कोपेकांचे नाणे ३.६ ग्रॅमचे, त्यात चांदी १.८ ग्रॅम. येथे पुष्कळ जण फसतात. रुबलाचा कस धरून चिल्लर विकत घेतली, तर निम्म्या जवळ पैसा बुडतो.

धातूची किंमत हा भावाचा तळ आहे. शुद्ध चांदी ग्रॅमला १०० रुपये धरली, तर रुबलाचा तळ १८०० रुपये. चांगले अस्सल नाणे याच्या खाली विकू नये. याच्या वर किती द्यायचे, हा पुढचा प्रश्न.

जुने म्हणजे दुर्मिळ नव्हे

सर्वांत मोठा गैरसमज वयाचा आहे. १५३५ पासून १७१८ पर्यंत रशियात चांदीच्या तारेचे तुकडे कापून, चपटे करून त्यावर छाप मारत. ही नाणी माशाच्या खवल्यासारखी दिसतात. त्यावर भालाईत स्वार असे, आणि भाल्याला रशियनमध्ये 'कोप्यो' म्हणतात, त्यावरून 'कोपेक' हे नाव आले. तीन-चारशे वर्षांची ही नाणी जमिनीत पुरलेल्या मडक्यांतून हजारोंनी निघाली आहेत. म्हणून त्यातली साधी नाणी आजही स्वस्त मिळतात. शंभर वर्षांचा एखादा रुबल त्यांच्या कितीतरी पट महाग असतो.

त्याच्याही आधीचा काळ उर्दू वाचणाऱ्यांना विशेष वाटेल. मॉस्कोचा राजा दिमित्री दोन्स्कोय याच्या काही नाण्यांवर एका बाजूला रशियन लेख आणि दुसऱ्या बाजूला अरबी लिपीत सुलतान तोख्तामिश खानाचे नाव आहे, कारण त्या वेळी मॉस्को खानाला खंडणी देत असे. रशियन भाषेत पैशाला 'देन्गी' म्हणतात, तो शब्दही तुर्की-तातार बोलीतून आला.

दुर्मिळता ठरते ती किती नाणी पाडली आणि किती उरली यावर. १९१३ सालचे उदाहरण घ्या. त्या साली रोमानोव्ह घराण्याला ३०० वर्षे झाली म्हणून दोन झारांच्या चेहऱ्यांचा स्मारक रुबल निघाला. दिसायला भारी, लोकांनी जपूनही ठेवला. परंतु तो सुमारे १५ लाख पाडला होता, त्यामुळे बाजारात भरपूर आहे. त्याच १९१३ साली निकोलसच्या एकट्या चेहऱ्याचा साधा रुबलही निघाला, तो मात्र जेमतेम २२ हजार. अनोळखी माणूस स्मारक रुबलाला जास्त पैसे देईल आणि साधा रुबल मोडीत घालेल. जाणकार नेमके उलटे करतो.

सालाचे महत्त्व असे आहे. १८९७ आणि १८९८ चे रुबल दर साली पावणेदोन कोटींच्या वर पाडले गेले. १९०४ चे सुमारे १२ हजार. चेहरा तोच, वजन तेच, भाव मात्र जमीन-अस्मानाइतका वेगळा.

पाडलेला आकडाही अखेरचा नाही. १९१४ मध्ये गांगुट येथील आरमारी विजयाला २०० वर्षे झाली म्हणून सुमारे ३० हजार रुबल पाडले, पण बहुतेक सगळे वितळवले गेले. आज तो फार मोलाचा आहे. मात्र १९२७ मध्ये जुन्याच साच्यांतून त्याच्या नवीन प्रती काढल्या गेल्या, त्यांची किंमत मूळ नाण्याइतकी नाही. १९३१ ची कथाही अशीच. त्या साली सोव्हिएत चिल्लर चांदीऐवजी तांबे-निकेलची झाली. १९३१ ची तांबे-निकेलची २० कोपेक रस्तोरस्ती मिळते, चांदीची मात्र बाहेर पडण्यापूर्वीच बहुतेक आटवली गेली.

टांकसाळ आणि कडेची अक्षरे

रुबल हाती आला की चेहऱ्याआधी कड वाचा. निकोलसच्या रुबलाच्या कडेवर टांकसाळीच्या अधिकाऱ्याच्या नावाची दोन अक्षरे असतात. १८९६ ते १८९९ च्या काही रुबलांवर अक्षरांऐवजी तारा दिसतो, कारण रशियाने त्या वेळी परदेशातही काम दिले होते. एक तारा पॅरिसचा, दोन तारे ब्रुसेल्सचे.

ही अक्षरे लबाडीही पकडून देतात. १८९७ च्या रुबलावर 'अ.ग.' असते. १९०४ च्या रुबलावर 'अ.र.' हवे, आणि रशियन 'र' इंग्रजी पी सारखा दिसतो. १९१४ च्या रुबलावर 'व.स.' हवे, ते इंग्रजी बी आणि सी सारखे दिसते. १९०४ च्या नाण्यावर 'अ.ग.' दिसले, तर आकडा फिरवला आहे असे समजावे.

बनावट माल कसा ओळखावा

पहिली कसोटी तराजू. १८८६ नंतरचा रुबल २० ग्रॅमचा, झिजला तर थोडा कमी. अठरा किंवा बावीस भरला, तर सौदा सोडावा. दुसरी कसोटी पाण्याची, आणि ती कारागिराला घरीच करता येते. दोऱ्याने नाणे पाण्यात लोंबते ठेवून तोला. ९०० कसाचा २० ग्रॅमचा रुबल पाण्यात सुमारे १.९४ ग्रॅम हलका होतो. जर्मन सिल्व्हरचा तेवढ्याच वजनाचा तुकडा सुमारे २.३ ग्रॅम हलका होईल. तिसरी, लोहचुंबक. अस्सल चांदी त्याला चिकटत नाही. चौथी, भिंग. ओतीव नाण्यावर बारीक फोड आणि खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात, कडेवर जोडाची रेघ असते. कसोटीच्या दगडावर मात्र नाणे घासू नये आणि कानसही लावू नये. कस कळेल, पण नाण्याचा भाव जाईल.

घासून चमकवणे हीच सर्वांत मोठी चूक. राख, चिंच, पॉलिश यांपैकी काहीही लावू नका. शंभर वर्षांत चढलेला काळसर रंग संग्राहकाला हवा असतो. झारच्या दाढीचे केस स्पष्ट, गरुडाच्या पिसांच्या रेघा शाबूत आणि मूळ झळाळी कायम असेल, तर तेच नाणे झिजलेल्या नाण्याच्या कितीतरी पट भावाने जाते. दागिन्यासाठी टाका लावलेले किंवा भोक पाडलेले नाणे साधे असेल, तर ते धातूच्या भावाजवळच येते.

वाजवी भाव काढण्याची रीत

दुकानदार मागतो तो भाव नव्हे. प्रत्यक्ष विकले गेले तो भाव. त्याच सालाच्या, त्याच कडेच्या अक्षरांच्या, तशाच दर्जाच्या नाण्याचे गेल्या दोन-तीन वर्षांतले चार-पाच लिलावाचे निकाल पाहा. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडा, मधल्यांवर अंदाज बांधा. निकालात लिलावदाराचे कमिशन धरले आहे की नाही, तेही पाहा. दुर्मिळतेसाठी बिट्किन यांचा कॅटलॉग रशियन नाण्यांत मानला जातो. त्यात 'आर' पासून 'आर ४' पर्यंत खुणा आहेत आणि आकडा वाढला की दुर्मिळता वाढते. महाग नाणे घ्यायचे असेल, तर एनजीसी किंवा पीसीजीएस या अमेरिकन संस्थांच्या सीलबंद डबीतले घ्यावे. त्या १ ते ७० असा दर्जा देतात. डबीवरचा क्रमांक संस्थेकडे पडताळून घ्यावा, कारण डब्याही बनावट निघतात.

वर्तमानपत्रातल्या बातम्यांवर जाऊ नका. कॉन्स्टंटिनच्या नावाचा १८२५ चा नमुना रुबल २०२१ मध्ये अमेरिकेत वीस लाख डॉलरांहून जास्त किमतीला गेला, हे खरे. पण तसे नाणे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहे. ते कोणाच्या गाठोड्यात सापडत नाही.

कायद्याचे भान ठेवावे. रशियातून जुनी नाणी परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाहीत. आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे देशाबाहेर विकायला पाठवता येत नाही. म्हणून घेताना पावती घ्या, तीत साल, वजन आणि विकणाऱ्याचा पत्ता लिहून घ्या. पावती द्यायला कचरणाऱ्याचा माल कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

आणि मोडीच्या ढिगात दोन डोक्यांच्या गरुडाचे नाणे दिसले, तर मुशीत टाकण्याआधी पाच मिनिटे द्या. वजन करा, साल वाचा, कड वाचा. साधे निघाले तर चांदी कुठे जात नाही. दुर्मिळ निघाले, तर एकदा आटल्यावर ते कोणीही परत आणून देणार नाही.