प्रतिस्पर्ध्यांची साखळी

पुणे शहराच्या वायव्येस, मुळा नदीच्या काठी खडकीची छावणी वसलेली आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात पेशव्यांचे व इंग्रजांचे सैन्य याच परिसरात एकमेकांस भिडले होते. पुढे येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, लष्कराच्या पलटणी राहू लागल्या, आणि शिपाई व कामगार यांच्या वसाहतींतून हॉकीचा खेळ रुजला.

१९६८ साली या खडकीत धनराज पिल्ले यांचा जन्म झाला. त्यांचे वडील मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. घरची परिस्थिती बेताची. नवी स्टिक विकत घेण्याची सोय नव्हती. तेव्हा मोडलेली स्टिक दोरीने आवळून बांधावयाची आणि इतरांनी टाकून दिलेल्या चेंडूवर सराव करावयाचा, असा या भावंडांचा क्रम असे. हाच मुलगा पुढे चार ऑलिंपिक स्पर्धांत भारताकडून खेळला, आणि १९९८ साली बँकॉक येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा नायक झाला.

परंतु खेळाडू कितीही गुणवान असला, तरी त्यास एकट्याने हॉकी खेळता येत नाही. खेळाडूस संघ लागतो, संघास प्रतिस्पर्धी लागतो, आणि या सर्वांस नियमांनी बांधून ठेवणारी व्यवस्था लागते. अशा व्यवस्थेस ‘लीग’ असे म्हणतात. ती कशी उभी राहते व कशामुळे टिकते, हे पाहण्यासारखे आहे.

पूर्वी आपल्या देशात हॉकीचे मोठे संघ निरनिराळ्या संस्थांचे असत. रेल्वे, सैन्यदल, पोलीस, बँका आणि कारखाने चांगल्या खेळाडूंस नोकरी देत आणि आपल्या संघात घेत. धनराज पिल्ले हेही खडकीहून मुंबईस गेले आणि तेथे महिंद्र कंपनीच्या संघातून खेळू लागले. खेळाडू पगार घेई तो नोकरीचा. खेळ हा त्याचा धंदा नसे. हे संघ कलकत्त्याच्या बेटन चषकासाठी आणि मुंबईच्या आगाखान चषकासाठी झुंजत. बेटन चषकाची स्पर्धा १८९५ साली व आगाखान चषकाची १८९६ साली सुरू झाली, इतकी ही परंपरा जुनी आहे.

चषकाचे सामने बहुधा बाद पद्धतीने होतात. समजा, आठ संघ आहेत. पहिल्या फेरीत चार सामने होतील आणि चार संघ घरी जातील. पुढे दोन सामने, आणि शेवटी एक. एकूण सात सामन्यांत विजेता ठरतो. ही पद्धत सुटसुटीत व चुरशीची खरी. पण तिच्यात निम्मे संघ एकच सामना खेळून परत फिरतात. पाय घसरून एखादा गोल झाला, तर वर्षभराची मेहनत एका दुपारीच संपते.

साखळी पद्धतीत असे होत नाही. तिच्यात प्रत्येक संघ उरलेल्या प्रत्येक संघाशी खेळतो. त्याच आठ संघांचे आता अठ्ठावीस सामने होतात, आणि सर्वांत दुबळ्या संघासही सात सामने मिळतात. जिंकल्यास गुण मिळतात. त्या गुणांची बेरीज करून क्रम लावला जातो. एक दिवस वाईट गेला, तरी पुढे सावरण्यास अवसर राहतो. म्हणूनच संघाची खरी योग्यता साखळीत अधिक चांगली पारखली जाते. लीगचा पाया हाच आहे.

व्यावसायिक लीगमध्ये या पायावर तीन मजले चढविलेले असतात. सर्वांत वर लीगचे नियामक मंडळ असते. ते नियम करते, वेळापत्रक आखते व पंच नेमते. त्याखाली संघांचे मालक असतात. ते संघ चालविण्याचा हक्क विकत घेतात आणि प्रशिक्षक नेमून खर्च भागवितात. तिसरे म्हणजे खेळाडू. ते ठरावीक मुदतीचा करार करून मोबदला घेतात व खेळास आपला व्यवसाय मानतात. प्रेक्षकांची तिकिटे, जाहिराती आणि सामने दूरचित्रवाणीवर दाखविण्याचे हक्क यांतून पैसा येतो.

येथे एक अडचण उभी राहते. एखादा मालक फार श्रीमंत असेल, तर तो सगळे उत्तम खेळाडू आपल्याच संघात गोळा करील. मग प्रत्येक सामन्याचा निकाल आधीच ठाऊक असेल. असा खेळ पाहण्यास कोण येईल? प्रेक्षक न आले, तर दुबळ्या संघाबरोबर बलाढ्य संघही बुडेल. दुकानदाराचे शेजारचे दुकान बंद पडले, तर त्याचे गिऱ्हाईक वाढते. परंतु संघाचा प्रतिस्पर्धीच नाहीसा झाला, तर त्याने खेळावे कोणाशी? म्हणून लीगमधील संघ मैदानावर एकमेकांस हरविण्यासाठी झटतात, आणि मैदानाबाहेर एकमेकांस तगवून धरतात.

या तत्त्वाचे ठळक उदाहरण अमेरिकेत आढळते. तेथे ‘फुटबॉल’ म्हणतात तो खेळ आपल्याकडील फुटबॉलहून निराळा आहे. त्यात लंबगोल चेंडू हाताने फेकतात किंवा काखेत धरून धावतात, आणि गडी एकमेकांस धडका देऊन अडवितात. या खेळाची राष्ट्रीय लीग १९२० साली स्थापन झाली. तिच्यात आज ३२ संघ आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावयाचे ठरविले, तर ४९६ सामने होतील आणि प्रत्येक संघास ३१ वेळा मैदानात उतरावे लागेल. इतक्या दांडगाईच्या खेळात आठवड्यास एकाहून अधिक सामना सहसा झेपत नाही. म्हणून या संघांचे सोळा-सोळांचे दोन मोठे विभाग केले आहेत, आणि प्रत्येक विभागाचे चार-चार संघांचे चार गट. एका गटातील संघ परस्परांशी दोनदा खेळतात, एकदा आपल्या मैदानावर व एकदा प्रतिस्पर्ध्याच्या. बाकीचे सामने इतर गटांतील काही संघांशी होतात. अशा रीतीने प्रत्येक संघ हंगामात १७ सामने खेळतो. नंतर प्रत्येक विभागातून सात संघ बाद फेरीत जातात, आणि दोन विभागांचे विजेते अंतिम सामन्यात भेटतात.

दुबळ्यांना सांभाळण्याचे नियमही तेथे कडक आहेत. नवे तरुण खेळाडू निवडताना सर्वांत खालच्या क्रमांकाच्या संघास पहिला मान मिळतो, आणि विजेत्यास सर्वांत शेवटी. ही प्रथा १९३६ पासून चालू आहे. खेळाडूंच्या वेतनावर एका संघाने किती खर्च करावा, याची मर्यादा १९९४ पासून ठरविलेली आहे. राष्ट्रीय दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा ३२ संघांत सारखा वाटला जातो. ग्रीन बे हे सुमारे एक लाख वस्तीचे गाव. त्याचा संघ कोणा एका धनिकाचा नसून हजारो लहान भागधारकांचा आहे. तरीही न्यूयॉर्कसारख्या महानगरांच्या संघांशी तो शंभर वर्षे बरोबरीने झुंजत आला आहे. या वाटणीवाचून इतक्या लहान गावास ते साधणे कठीण होते.

भारतीय हॉकीनेही लीगचा मार्ग चोखाळला. २००५ साली प्रीमिअर हॉकी लीग सुरू झाली. तिच्यात वरची व खालची अशा दोन श्रेणी होत्या, आणि हंगामातील कामगिरीप्रमाणे संघ चढत वा उतरत. महाराष्ट्राचा संघ ‘मराठा वॉरियर्स’ या नावाचा होता, आणि खडकीचे धनराज पिल्ले त्यातून खेळले. पण पहिल्या हंगामाचे सामने हैदराबादेस झाले. महाराष्ट्रातील प्रेक्षकांस आपला संघ दूरचित्रवाणीवरच पाहावा लागला. २००८ नंतर ही लीग बंद पडली.

२०१३ साली हॉकी इंडिया लीग पाच संघांनिशी उभी राहिली. त्यांत मुंबईचा एक संघ होता. २०१७ साली मुंबईने अंतिम सामना गाठला, परंतु तेथे कलिंग संघाने तिचा पराभव केला. त्यानंतर ही लीगही खंडित झाली. २८ डिसेंबर २०२४ रोजी ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांचे आठ संघ होते आणि स्त्रियांसाठीही प्रथमच चार संघ काढले होते. खेळाडूंची वाटणी लिलावाने झाली. पुरुषांच्या प्रत्येक संघास लिलावात खर्च करण्यास चार कोटी रुपयांची मर्यादा होती. चोवीस खेळाडूंत किमान सोळा भारतीय असावेत, आणि त्यांत चार तरी कनिष्ठ गटातील असावेत, असा दंडक होता. मर्यादेमुळे चुरस टिकते, आणि कनिष्ठांच्या जागांमुळे होतकरू मुलांस संधी मिळते.

मात्र त्या आठ पुरुष संघांत महाराष्ट्राच्या नावाचा एकही संघ नव्हता. महाराष्ट्राचा गुणी खेळाडू लिलावात दुसऱ्या प्रांताच्या संघात जाऊ शकतो, हे खरे. तथापि ज्या मुलांनी तुटक्या स्टिकवर खेळाचा श्रीगणेशा केला, त्यांस आपल्या प्रांताचा संघ डोळ्यांपुढे दिसला, तर हुरूप वाढतो. कबड्डीत याचा प्रत्यय आला आहे. २०१४ साली आठ संघांनी सुरू झालेली प्रो कबड्डी लीग २०१७ मध्ये बारा संघांची झाली. तिच्यात पुण्याचा ‘पुणेरी पलटण’ हा संघ पहिल्यापासून आहे, आणि २०२४ च्या मार्चमध्ये तो प्रथमच अजिंक्य ठरला.

साखळीचे बळ तिच्या सर्वांत नाजूक कडीएवढेच असते. ती कडी तुटली, की बाकीच्या मजबूत कड्यांचाही उपयोग राहत नाही. मैदानावर समोर उभा असलेला प्रतिस्पर्धी हा खेळातील आपला भागीदार आहे, हे ज्या लीगने ओळखले, तिच्यातील लहान गावाचा संघही जगतो, आणि तेथील मुलांस खेळण्यासाठी एक ध्येय मिळते.

अभ्यास

१. बाद पद्धत व साखळी पद्धत यांतील फरक आठ संघांचे उदाहरण घेऊन सांगा.
२. शेजारचे दुकान आणि प्रतिस्पर्धी संघ यांत कोणता भेद दाखविला आहे?
३. ग्रीन बेचा संघ महानगरांच्या संघांपुढे कशामुळे टिकला?
४. तुमच्या शाळेत सहा संघ आहेत. साखळी पद्धतीने किती सामने होतील? त्यांचे वेळापत्रक तयार करा.