शिन-योकोहामातली रामेनची गल्ली

टोकियोहून शिंकानसेनने निघालं की वीसेक मिनिटांत शिन-योकोहामा येतं. ऑफिसांच्या आणि हॉटेलांच्या या भागात, स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर रामेनचं संग्रहालय आहे. योजी इवाओका यांनी ६ मार्च १९९४ रोजी ते सुरू केलं. जिना उतरून तळघरात गेलं की १९५८ सालातली एक वस्ती लागते: सिनेमाची जुनी पोस्टरं, पत्र्याच्या पाट्या, अरुंद बोळ आणि छतावर रंगवलेलं मावळतीचं आभाळ. त्याच वर्षी २५ ऑगस्टला मोमोफुकु आंदो यांनी झटपट होणारं ‘चिकन रामेन’ बाजारात आणलं, म्हणून हे साल निवडलं आहे.

देखावा सुंदर आहे, पण या जागेचं खरं मोल जेवणाच्या व्यवस्थेत आहे. इथली दुकानं खरी आहेत. जपानच्या निरनिराळ्या भागांतले नावाजलेले रामेनवाले इथे चूल मांडतात. दाराशी यंत्रातून तिकीट काढायचं आणि आत जाऊन बसायचं. प्रत्येक मोठ्या माणसाने ज्या दुकानात बसेल तिथे एक तरी वाडगा घ्यावा, असा नियम आहे. पूर्ण वाडगा संपवला तर दुसऱ्याला पोटात जागा उरत नाही, म्हणून लहान वाडग्यातलं ‘मिनी रामेन’ मिळतं. एरवी ज्या चवींसाठी हजारो किलोमीटर फिरावं लागेल, त्या एका दुपारी, एकीची आठवण जिभेवर ताजी असतानाच दुसरी, अशा चाखता येतात. काही दुकानांत शाकाहारी रामेनही करतात.

वाडग्याच्या तळाशी आधी ‘तारे’ पडतं: मीठ, सोया सॉस किंवा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) यांचा दाट, खारट अर्क. त्यावर हाडांचं, कोंबडीचं किंवा सुकवलेल्या मासळीचं उकळतं सूप, थोडं सुवासिक तेल आणि मग नूडल्स. या नूडल्सचं पीठ ‘कान्सुई’ नावाच्या क्षारयुक्त पाण्याने मळतात. आपल्या पापडखाराच्याच जातीचा हा क्षार. नूडल्सचा पिवळसर रंग आणि दाताखाली जाणवणारा ताण त्यातूनच येतो.

क्यूशू बेटावरचं तोनकोत्सु, म्हणजे डुकराच्या हाडांचं रामेन, सगळ्यांत वेगळं. १९३७ मध्ये कुरुमे शहरातल्या ‘नानकिन सेनर्यो’ या गाडीवर डुकराच्या हाडांचं सूप मिळू लागलं, पण ते आजच्यासारखं दुधाळ नव्हतं. १९४७ मध्ये त्याच शहरातल्या दुसऱ्या एका गाडीवर भांडं चुकून फार वेळ उकळत राहिलं आणि सूप पांढरं झालं, असं सांगतात. फेकून देण्याऐवजी चाखून पाहिलं, ते आवडलं, आणि क्यूशूची चवच बदलली. यामागचं कारण सरळ आहे. खळखळ उकळताना हाडांतलं कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं, चरबीचे बारीक थेंब त्याच्या आधाराने पाण्यात धरून राहतात, आणि सूप दाट व पांढरं दिसतं. मंद आचेवर हे घडत नाही.

क्यूशूवरच्याच हाकाताजवळ नागाहामाचा मासळीबाजार आहे. तिथल्या कामकऱ्यांना थांबायला वेळ नसे, म्हणून क्षणात शिजणाऱ्या अगदी बारीक, सरळ नूडल्स आल्या. बारीक नूडल्स सुपात लवकर मऊ पडतात. मग आधी थोड्याच वाढायच्या आणि मागितल्यावर उरलेल्या सुपात ताज्या घालायच्या, ही ‘काएदामा’ची पद्धत रुजली. याच बेटावरच्या कुमामोतोने सुपात तळलेल्या लसणाचा करपट, खमंग वास आणला.

उत्तरेला, साप्पोरोत, थंडीशी गाठ. ‘आजि नो सान्पेइ’ या दुकानाच्या मोरितो ओमिया यांनी १९५० च्या दशकात मिसो रामेन घडवलं. परतलेल्या भाज्या, जाड नागमोडी नूडल्स आणि वर तेलाचा थर. त्या थराखाली वाफ अडकून राहते आणि बाहेर बर्फ पडत असला तरी सूप शेवटच्या घोटापर्यंत गरम असतं. फुकुशिमातल्या किताकाताच्या नूडल्स चपट्या, वळणदार आणि भरपूर पाणी धरून ठेवणाऱ्या. तिथे सकाळच्या न्याहारीलाही रामेन खातात. वाकायामात हाडांच्या सुपात सोया सॉस मिसळतो आणि टेबलावर बांगड्याची सुशी मांडलेली असते. हे सारं वाचून कळतं, पण हाकाताचा आणि साप्पोरोचा घोट पाठोपाठ घेतला की हवामान आणि कामाची घाई थेट चवीत सापडते.

संग्रहालयात येणाऱ्याने चाखण्याचा क्रम मात्र सांभाळावा. मिसो किंवा तोनकोत्सु आधी घेतलं तर नंतरचं हलकं सोया सूप पाण्यासारखं लागतं. सुरुवात सौम्य वाडग्याने करावी.

असा एक जुना वाडगा ‘राइराइकेन’चा. १९१० मध्ये कानइचि ओझाकी यांनी टोकियोच्या आसाकुसात हे दुकान काढलं आणि स्वयंपाकी आणले ते योकोहामाच्या चिनी वस्तीतून. सोया सॉसचं साधं, स्वच्छ सूप आणि माफक किंमत यांमुळे तिथे गर्दी लोटे. १९७६ मध्ये दुकान बंद झालं. जुनी छायाचित्रं, आठवणी आणि वंशजांची मदत यांच्या आधारे संग्रहालयाने २०२० मध्ये ती चव पुन्हा उभी केली आणि त्यासाठी पूर्वीच्या काळातल्या गव्हाच्या वाणापर्यंत शोध घेतला. ज्या शहरातून ते स्वयंपाकी आसाकुसाला गेले, त्याच शहरात ११० वर्षांनी त्यांच्या हातच्या चवीचा वाडगा पुन्हा वाढला गेला.