बालकांतील हस्त-पाद-मुख रोग : निदान आणि चिकित्सेतील विवेक

वर्षा ऋतू स्थिरावला की बालरुग्णांमध्ये एक ठरावीक चित्र दिसू लागते. एक-दोन दिवस ज्वर, अन्नद्वेष, लाळ गळणे आणि पाठोपाठ तळहात-तळपायांवर बारीक फोड. पालकांपैकी कोणी त्यास कांजिण्या म्हणतात, कोणी ‘देवी आल्या’ म्हणून स्नान व औषध दोन्ही बंद करतात. गोठा असलेल्या घरांत जनावरांच्या लाळ्या-खुरकुताची लागण झाल्याची भीती पसरते. लाळ्या-खुरकुताचा विषाणू निराळा असून त्याचा या रोगाशी संबंध नाही, हे पालकांस प्रथम स्पष्ट सांगावे.

हा रोग एंटेरोव्हायरस वर्गातील विषाणूंमुळे होतो. कॉक्सॅकी ए-१६ व ए-६ आणि एंटेरोव्हायरस ७१ हे त्यांतील प्रमुख होत. पाच वर्षांखालील बालके यास अधिक बळी पडतात. भारतात केरळमधील कालिकत येथे २००३ साली याची साथ नोंदली गेली. २०२२ साली केरळातच ‘टोमॅटो फ्लू’ या नावाने जी घबराट पसरली, तीही मूलतः याच रोगाची होती.

आपल्या संहितांत या नावाचा स्वतंत्र व्याधी नाही. मसूरिका, विस्फोट व सर्वसर मुखपाक यांच्याशी लक्षणसाम्य आढळते. परंतु नाव जुळविण्याच्या अट्टाहासाचे कारण नाही. व्याधीचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने संकोचू नये. दोष, अधिष्ठान व हेतू जाणून चिकित्सा करावी, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानात सांगितलेच आहे. ज्वर, दाह व मुखपाक पाहता येथे पित्त-रक्तदुष्टी प्रधान मानणे युक्त ठरते.

व्यवच्छेदक निदान

फोड अंडाकृती, करडसर, भोवती लाली असलेले असतात. ते तळहात, तळपाय, गुडघे व नितंबांवर दिसतात. कंडू सहसा अल्प असते. मुखात जिभेवर, गालांच्या आतील बाजूस व टाळूवर वेदनायुक्त व्रण होतात. कांजिण्यांत फोड मुख्यतः धडावर व डोक्याच्या त्वचेवर येतात, कंडू तीव्र असते आणि एकाच वेळी निरनिराळ्या अवस्थांतील फोड आढळतात. गोवरात खोकला, नाक व डोळे वाहणे ही लक्षणे पुरळापूर्वी असतात. हिरड्या सुजून रक्त येत असेल तर हर्पिसजन्य मुखपाकाचा विचार करावा. ए-६ विषाणूमुळे मात्र फोड अंगभर पसरू शकतात, आणि काही आठवड्यांनी नखे गळूनही पडतात. ती पुन्हा येतात. त्यासाठी चिकित्सेची आवश्यकता नाही.

चिकित्सा

या विषाणूंवर विशिष्ट औषध कोणत्याही पॅथीत उपलब्ध नाही. बहुतांश बालके सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होतात. म्हणून शुष्कता टाळणे, वेदना कमी करणे आणि अपाय न करणे, या तीन गोष्टींत चिकित्सेचे सार आहे असे आम्ही मानतो.

मुखव्रणांमुळे बालक गिळण्यास नकार देते. खरा धोका तेथून सुरू होतो. थोड्या थोड्या वेळाने चमच्याने जलसंजीवनी, थंड केलेली भाताची पेज किंवा दूध द्यावे. स्तनपान सुरू ठेवावे. मोठ्या बालकास षडंगपानीय थंड करून देता येते. तिखट, आंबट व उष्ण पदार्थ वर्ज्य करावेत. मुखात गोघृताचा हलका लेप वेदना सुसह्य करतो. लहान बालकाकडून गंडूष करवू नये; द्रव श्वासमार्गात जाण्याचा संभव असतो.

टंकण व मध मुखात लावण्याची प्रथा मात्र शिशूंमध्ये कटाक्षाने टाळावी. टंकणामुळे शिशूंस आक्षेप आल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत, आणि एक वर्षाखालील बालकास मधातून बोटुलिझमचा धोका असतो. केवळ फोड लवकर विरावेत म्हणून पारद किंवा वत्सनाभयुक्त कल्प देण्याचेही प्रयोजन नाही.

औषधविक्रेत्यांसाठी

ज्वर व वेदनेसाठी पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते : दर किलोस १० ते १५ मि.ग्रॅ., दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा अधिक मात्रा नाहीत. एकाच औषधाची १२० व २५० मि.ग्रॅ. प्रति ५ मि.लि. अशी निरनिराळी द्रावणे मिळतात. बाटली देताना ती तपासून किती मि.लि. द्यावे ते लिहून द्यावे. बालकांस अ‍ॅस्पिरिन देऊ नये. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे. प्रतिजैविकांचा या विषाणूवर उपयोग नाही. जलसंजीवनीऐवजी गोड पेयांची खोकी देऊ नयेत.

तात्काळ रुग्णालयात केव्हा पाठवावे

एंटेरोव्हायरस ७१ मेंदूवर आघात करू शकतो. तैवानमध्ये १९९८ सालच्या साथीत ७८ बालके दगावली. पुढील लक्षणांपैकी एकही दिसल्यास विलंब न करता बालरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात पाठवावे : तीन दिवसांहून अधिक टिकणारा किंवा तीव्र ज्वर, झोपेत वारंवार दचकणे, अतिनिद्रा किंवा सुस्ती, चालताना तोल जाणे, वारंवार वमन, जलद श्वास, हातपाय थंड पडणे, आक्षेप, तसेच सहा ते आठ तास मूत्रप्रवृत्ती न होणे. फोडांची संख्या अल्प आहे म्हणून निर्धास्त राहू नये. गांभीर्य फोडांवरून ठरत नाही.

प्रसार रोखणे

लाळ, फोडांतील स्राव व मल यांतून रोग पसरतो, आणि मलातून विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. लंगोट बदलल्यावर साबण व पाण्याने हात धुवावेत. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर या विषाणूंवर पुरेसे परिणामकारक ठरत नाही. ज्वर उतरून फोड सुकेपर्यंत बालकास अंगणवाडी वा शाळेत पाठवू नये. फोड फोडू नयेत. स्नान बंद करण्याची आवश्यकता नाही.

वरील धोक्याच्या लक्षणांची मराठी चिठ्ठी प्रत्येक चिकित्सालयात व औषधालयात तयार ठेवावी आणि औषधासोबत पालकांच्या हाती द्यावी, अशी आमची सर्व सदस्यांस विनंती आहे. झोपेत दचकणाऱ्या बालकाकडे रात्री लक्ष आईचेच जाते. त्याचा अर्थ तिला आधीच ठाऊक असला पाहिजे.