उंबऱ्याच्या आतला गुन्हा

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला गुन्हेपट बघताना एक खोड जडते. खून कुणी केला यापेक्षा खाते कुणाच्या नावावर होते, वारस किती, कागदावर सही कुणाची, हे तो आधी बघतो. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या शाखांमधून माझी तीसेक वर्षे गेली. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात पुण्याहून आलेल्या मुलाने 'बिफोर द डेव्हिल नोज यू आर डेड' हा सिडने ल्यूमेटचा चित्रपट लावून दिला, तेव्हा पहिला अर्धा तास मी तो ऑडिटरच्या नजरेनेच बघितला. पुढचा दीड तास मात्र ते जमले नाही. का जमले नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

चित्रपट २००७चा. ल्यूमेट तेव्हा ८३ वर्षांचा होता आणि हा त्याचा शेवटचा चित्रपट ठरला. न्यूयॉर्कजवळच्या एका उपनगरात म्हातारा-म्हातारीचे छोटेसे दागिन्यांचे दुकान आहे. त्यांना दोन मुलगे. थोरल्याने कचेरीच्या पैशात हात घातलेला, वर नशेचे व्यसन. धाकटा घटस्फोटित, मुलीच्या पोटगीचे हप्ते थकलेले. थोरला धाकट्याला युक्ती सांगतो : आईबापांचेच दुकान लुटायचे. दुकानाचा विमा आहे, भरपाई त्यांना मिळेल, माल आपल्याला मिळेल. कुणाचेच नुकसान नाही! नेमकी त्या सकाळी दुकानात आईच असते. गोळी सुटते. पुढे बापाला सारे कळते आणि तो रुग्णालयात स्वतःच्या थोरल्या मुलाचा जीव घेतो.

सराफी दुकान म्हणजे काय, हे जळगावकराला समजावून सांगावे लागत नाही. लांबलांबून लोक इथे सोने घ्यायला येतात, कारण इथल्या शब्दावर त्यांचा भरवसा असतो. पण दुकानातल्या तिजोरीपेक्षा मला त्या थोरल्याच्या एका हिशेबाने पछाडले : 'कुणाचेच नुकसान नाही.'

अशा चित्रपटांचे घराणे जुने आहे. बिली वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' १९४४चा. विमा विकणारा एक एजंट आणि उपनगरातल्या बंगल्यातली एक गृहिणी मिळून तिच्या नवऱ्याचा काटा काढतात, तोही गाडीतून पडून अपघाती मृत्यू झाल्याचे भासवून. अपघाती मृत्यूला विम्याची रक्कम दुप्पट मिळते ना! जेम्स केन या लेखकाला ही कथा सुचली ती १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये खरोखर घडलेल्या एका पतीच्या खुनावरून. कंपनीत दावे तपासणारा कीज नावाचा अधिकारी यात आहे. खोटा दावा समोर आला की त्याचे पोट दुखू लागते. बँकवाल्यांनी त्याची तसबीर टेबलावर ठेवावी, इतका तो आपला माणूस आहे. पुढे १९९६च्या 'फार्गो'मध्ये मोटारी विकणारा एक गृहस्थ सासऱ्याकडून खंडणी उकळण्यासाठी चक्क आपल्याच बायकोला पळवून नेववतो. माणसे साधी, घरे टापटीप, अंगणे झाडलेली. उंबऱ्याच्या आत मात्र अंधार.

आपल्याकडे काय? मराठी चित्रपटाने गुन्हा हाताळला नाही असे नाही. अमोल पालेकरांनी दिग्दर्शक म्हणून केलेला पहिला चित्रपट 'आक्रीत' १९८१चा. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला १९७२ नंतर गुप्तधनाच्या आणि संततीच्या लोभापायी घडलेल्या हत्यांवर तो बेतलेला होता. पटकथा विजय तेंडुलकरांची. १९८६ साली राजदत्तांचा 'माफीचा साक्षीदार' आला. पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाची ती कथा. १९७६-७७च्या त्या दिवसांत पुण्यात अंधार पडायच्या आत दारांना कड्या लागत. पण दोन्हींमध्ये आपल्याला एक सोय होती. मानवतचा गुन्हा अंधश्रद्धेच्या खात्यावर टाकता येत होता, पुण्यातला बिघडलेल्या पोरांच्या. आपण प्रेक्षागृहातून स्वच्छ हातांनी घरी येत होतो.

घरातली गिधाडे दाखवायचे धाडस आधी रंगभूमीने केले, तेही तेंडुलकरांनीच. 'गिधाडे' १९७० साली श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणले. म्हाताऱ्या बापाकडून पैसा पिळणारे दोन मुलगे आणि मुलगी त्यात आहेत. तो बापही काही संत नाही, त्याने आपल्या भावाला फसवलेले. लोकांना ते नाटक सहन झाले नाही. आमच्या घरी त्याचा विषय निघाला की वडील म्हणत, 'असली कुटुंबे आपल्यात नसतात.' वडील शिक्षक होते. त्यांचे वाक्य आम्ही पाठ करून टाकले.

चित्रपटाने मात्र वेगळी वाट धरली. १९९१चा 'माहेरची साडी' आठवून बघा. बायका गावोगावहून येत आणि पदर ओले करून परतत. घरातला छळ, सावत्रपणा, सगळे त्यात होते. पण सोसणारीच्या डोळ्यांतून ते दिसत असल्याने बघणारा प्रत्येक जण तिच्या बाजूला जाऊन बसत असे. लुबाडणाऱ्याच्या खुर्चीत बसवून त्याच्या मनातला हिशेब ऐकवणे ही गुन्हेपटाची रीत. ती आपल्या जवळपास खऱ्या अर्थाने आली २०१८ साली, श्रीराम राघवन यांच्या 'अंधाधुन'मध्ये. भाषा हिंदी, पण गाव पुणे. एका जुन्या नटाचा फ्लॅट, त्याची तरुण बायको, तिचा पोलीस प्रियकर आणि आंधळेपणाचे सोंग घेतलेला पियानोवादक. पुढे तर डॉक्टरपासून लॉटरीची तिकिटे विकणाऱ्या मावशीपर्यंत प्रत्येक जण आपला भाव लावून मोकळा होतो. सोंग घेणाऱ्याने डोळ्यांदेखत प्रेत बघितलेले असते आणि तो पियानो वाजवतच राहतो.

बँकेच्या काउंटरमागे बसून मीही पुष्कळदा पियानो वाजवला आहे.

एक प्रसंग सांगतो. वडील आजारी आहेत, सही करता येत नाही, अंगठा घ्यायला चला, असे सांगत एक मुलगा शाखेत आला. नियमाप्रमाणे मी साक्षीसाठी रुग्णालयात गेलो. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून विचारले, 'साहेब, किती आहेत हो माझ्या खात्यात?' मुलगा घाईने म्हणाला, 'आप्पा, तुम्हाला काय करायचंय त्याच्याशी? तुम्ही आराम करा.' मी आकडा सांगितला. म्हाताऱ्याने मान हलवली आणि अंगठा पुढे केला. कागद बिनचूक होता. आठवड्याने आप्पा गेले आणि त्यानंतर त्यांच्या दोन मुली शाखेत आल्या. खाते रिकामे होते.

नॉमिनीचेही असेच. लोकांना वाटते, ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लावले तो मालक. तसे नाही. नॉमिनी हा विश्वस्त. बँकेने पैसे त्याच्या हाती द्यायचे आणि त्याने ते कायदेशीर वारसांपर्यंत पोचवायचे. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत हे १९८३च्या निकालात सांगितले, बँकेतल्या ठेवींबाबत २०१० साली पुन्हा सांगितले. पण किती नॉमिनी पुढे जाऊन वाटे देतात? मी कुणाला आपणहून हे समजावत बसलो नाही. विचारले तर सांगायचे, हा माझा शिरस्ता.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

धुळ्याला पांझरेपलीकडे, देवपुरात, वडिलांनी १९७१ साली प्लॉट घेऊन घर बांधले होते. तेव्हा आजूबाजूला शेते होती, मग कॉलन्या झाल्या. १९९७च्या सुरुवातीला वडील गेले. आई आधीच गेलेली. आम्ही दोघे भाऊ आणि थोरली आक्का. घर वडिलांच्या कमाईचे, म्हणजे १९५६च्या कायद्याने तिघांचा सारखा हक्क. हे मला तोंडपाठ होते. आक्काला नव्हते.

त्या वर्षी आखाजीला आक्का अमळनेरहून माहेरी आली. खानदेशात सासुरवाशिणीला दिवाळीहून आखाजी मोठी. वडिलांच्या नावाची घागर पुजली, आमरस झाला, दारातल्या लिंबाला झोका बांधला, तिच्या मुली त्यावर बसल्या. तिसऱ्या दिवशी मी तिला रिक्षाने दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेले. हक्कसोडपत्र मी आधीच टाइप करून घेतले होते. 'काय आहे रे भाऊ हे?' तिने विचारले. मी म्हणालो, 'काही नाही गं आक्का, घराचे कागद नीट लावायचे आहेत.' तिने चष्मा आणला नव्हता. मी बोट ठेवले तिथे तिने सही केली. परतताना तिला साडी घेतली, नेहमीपेक्षा चांगली. मेहुण्यांची गिरणी तेव्हा बंद पडलेली होती, हेही मला ठाऊक होते.

माझ्या मनातला हिशेब काय होता? आक्का तिच्या घरी सुखी आहे. घर विकायचे थोडेच आहे? कुणाचेच नुकसान नाही.

म्हणून तो चित्रपट मला पुढे ऑडिटरसारखा बघता येईना. ना पिस्तूल होते, ना रक्त. मुद्रांक होता, दोन साक्षीदार होते, आणि बँकेतल्या भावावरचा बहिणीचा भरवसा होता. माझी नोकरीच तिच्याविरुद्ध वापरली गेली होती, आणि वापरणारा मी होतो.

यंदा देवपूरच्या घराला गिऱ्हाईक आले. मी धाकट्याला फोन केला आणि म्हटले, तीन वाटे करू. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'कायद्याने तिचं काही राहिलं नाही आता, तूच तर कागद केला होतास.' त्याचे खरे आहे. त्याची बायको माझ्याशी अजून बोलत नाही. मी त्याला एवढेच सांगितले की त्याला पटले तर त्याने द्यावे, नाही तर माझ्या निम्म्यातून मी देईन.

मग अमळनेरला गेलो. आक्का आता ७३ वर्षांची आहे. सगळे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, 'त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या थोरलीनं नक्कल वाचून दाखवली होती मला. मला वाटलं, भाऊ कधीतरी सांगेल.' सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे, दर आखाजीला ती आली, साडी घेऊन गेली आणि माझ्या सांगण्याची वाट बघत राहिली. मी चहा घेतला. ती मुलीला हाक मारून म्हणाली, 'मामा जेवून जाईल, पोळ्या टाक.'

अजून व्यवहार झालेला नाही. झाला की पहिला धनादेश तिच्या नावाचा काढायचा, एवढे ठरवले आहे.