वेबसाइटवरचा दीड मिनिटाचा व्हिडिओ : हैदराबादच्या गिऱ्हाईकाला काय दाखवायचं?



हैदराबादला पी. व्ही. नरसिंह राव उड्डाणपुलाच्या रस्त्याने गेलात की बाजूला एक इमारत दिसते. इमारत कसली, भला मोठा मासाच. डोळा, पर, शेपूट, सगळं आहे. ते राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाचं मुख्य कार्यालय. मंडळ २००६ चं, इमारत २०१२ ची. पाटी वाचायला थांबायची गरजच नाही, आत काय काम चालतं ते रस्त्यावरून कळतं. वेबसाइटवरच्या ओळखीच्या व्हिडिओने पहिल्या पाच सेकंदांत एवढंच काम करायचं असतं.

आपली वेबसाइट तयार होत आली. सुकी मासळी, कोळंबी, पापलेट, सुरमई यांची पानं आहेत. राहिला तो व्हिडिओ. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाने ओएनडीसीशी करार केला, तेव्हापासून मच्छीमार संस्थांनी ऑनलाइन विक्री करावी असा आग्रह आहे. पण ऑनलाइन गिऱ्हाईक ओट्यावर येऊन कल्ला उघडून बघत नाही. हैदराबादच्या हॉटेलवाल्याने आपलं बंदर कधी पाहिलेलं नाही. त्याच्या मनात एकच प्रश्न असतो, ही माणसं खरी आहेत का आणि माल मध्ये कुठे पडून तर राहणार नाही ना? त्याचं उत्तर त्याला मिळालं नाही तर तो जुन्या दलालाकडेच जाणार. मग माल आपला आणि पाकिटावर नाव दुसऱ्याचं, हे आजवर चाललंय तसंच चालणार.

ही युक्ती काही नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्याआधी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना रोज थोडं थोडं चित्रण केलं. मिनिटभराचा तो तुकडा पाहून पैसे देणाऱ्याचा विश्वास बसला. भाषण नाही, जाहिरात नाही. हा माणूस काम करू शकतो, एवढंच त्यात दिसलं.

म्हणून कमिटीत ड्रोनचा विषय निघाला तेव्हा मी नको म्हटलं. वरून समुद्र सगळ्यांचाच सुंदर दिसतो. गिऱ्हाईकाला बघायची असते बर्फाची पेटी. बोट धक्क्याला लागली, मासळी बर्फातून क्रेटमध्ये आली, धुतली, निवडली, वजन झालं, पुन्हा बर्फात गेली. हा क्रम न तोडता दाखवला की निम्मं काम झालं. मासळी जमिनीवर ओतलेली एकदा जरी दिसली तरी सगळ्यावर पाणी. बोंबील वलांडीवर, सुकट स्वच्छ जाळीवर. वाळूत पसरलेला माल चित्रात नको, आणि खरं तर प्रत्यक्षातही नको.

लहान पापलेट तर अजिबात नको. सप्टेंबर २०२३ मध्ये आपण त्याला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींचा किमान आकार ठरवला. आपल्याच व्हिडिओत हाताएवढीसुद्धा नसलेली पिल्लं दिसली तर पुरावा आपणच दिला म्हणायचा.

आता हैदराबादची खास गोष्ट. तिकडे पापलेटला चंदुवा म्हणतात, सुरमईला वंजरम आणि कोळंबीला रोय्यलु. आपण नुसतं ‘ताजी सुरमई’ म्हणून मोकळे झालो तर बघणाऱ्याला कळायचं नाही. बोलणं मराठीत किंवा हिंदीत असू दे, पण पडद्यावर तेलुगू लिपीत ही नावं हवीत. तशीही बरीच माणसं व्हिडिओ आवाज बंद ठेवून बघतात, त्यामुळे खाली अक्षरं लागतातच.

दुसरं, हंगाम. पूर्व किनाऱ्यावर बंदी १५ एप्रिल ते १४ जून, आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै. म्हणजे १५ एप्रिल ते ३१ मे हे ४७ दिवस आंध्रच्या यांत्रिक बोटी किनाऱ्याला आणि आपल्या समुद्रात. हैदराबादला समुद्राची मासळी विकायची तर हीच वेळ, आणि या तारखा व्हिडिओत ठळक दिसल्या पाहिजेत. पुढे जूनच्या सुरुवातीला मृग लागतो. त्या दिवशी मासे खायची तिकडे रीत आहे, बाजारात झुंबड उडते. नेमक्या तेव्हा दोन्ही किनारे बंद! ताजं देतो म्हणून खोटं बोलायचं नाही. तेव्हासाठी सुका बोंबील आणि सुकट आहे, तेच दाखवायचं. बंदी पाळतो हेही सांगायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बोलायचं किती? नव्वद सेकंद, त्याहून एक वाक्य जास्त नको. साधारण असं : “नमस्कार. आम्ही या बंदरावरचे मच्छीमार. मासळी आमच्याच बोटींची. बोटीवरच बर्फात जाते. निवडतात आणि सुकवतात आमच्या घरच्या बायका. ताजा माल कधी मिळतो, सुका कधी, ते खाली लिहिलं आहे. फोन करा.” शेवटी फोन नंबर आणि अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक. अध्यक्षांचं मनोगत, सत्कार, हारतुरे यात नकोत. (अध्यक्षांना विचारूनच लिहितोय.)

चित्रण फोनवर होईल. खाऱ्या हवेने लेन्सवर थर बसतो, दर वेळी मऊ कापडाने पुसायची. ऊन डोक्यावर आलं की मासळी पांढरीफटक दिसते, म्हणून सकाळी नऊच्या आत उरकायचं. वेबसाइटसाठी फोन आडवा धरायचा. स्टेटससाठी उभं चित्रण वेगळं घेऊ. वाऱ्यात फोनच्या माईकवर नुसता फरफराट येतो, तेव्हा कॉलरला लावायचा माईक घ्यायचा किंवा बोलणं खोलीत रेकॉर्ड करून नंतर जोडायचं. मागे एखादं गाजलेलं कोळीगीत लावायचा मोह होईल. हक्क दुसऱ्याचे असतात, व्हिडिओ काढून टाकला जातो. इंजिनाचा, लिलावाचा आपला आवाज पुरे. आणि क्लिप व्हॉट्सॲपवर नेहमीसारखी पाठवू नका, ती चेपली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

बोटमालकांना एक विनंती. केबिनमध्ये चित्रण करताना जीपीएसचा पडदा झाका. जागा जगाला दाखवायची नाही. खलाशांनी लाइफ जॅकेट घातलेलं असावं. गिऱ्हाईक तेही बघतं आणि आपल्यालाही बरं.

निवडणाऱ्या भगिनींचे चेहरे त्यांच्या लेखी संमतीशिवाय येणार नाहीत. ज्यांना नको त्यांचे फक्त हात घेऊ, हातांनीही काम चांगलं दिसतं. संमतीचा मराठी फॉर्म कार्यालयात ठेवला आहे. ज्यांची बोट चित्रणासाठी द्यायची आहे त्यांनी शनिवारपर्यंत नाव सांगावं. बर्फाची पेटी धुतलेली असावी.